अंतर तेच, वेळ वेगळी

टोकियोहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान पार अलास्काकडे का वळतं, हा प्रश्न सपाट नकाशामुळे पडतो. दोन्ही शहरांचे अक्षांश जवळपास सारखे, त्यामुळे आडवी रेघच जवळची वाटते. पण ३८ अक्षांश धरून गेलं तर सुमारे १२,८०० किलोमीटर पडतात. वळसा वाटणारा उत्तरेचा मार्ग साधारण १०,९०० चाच आहे. गोलावरचं सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीचं केंद्र हेच ज्याचं केंद्र अशा पृष्ठभागावरच्या वर्तुळावर, मोजतात.

ते काढायला शाळेतली त्रिकोणमिती पुरते. लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.५ उत्तर, ०.५ पश्चिम, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम. रेखांशांतला फरक ७३.३ अंश. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार ०.५०९. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि ७३.३ चा कोसाइन या तिघांचा गुणाकार ०.१३६. बेरीज ०.६४५, तिचा उलटा कोसाइन ४९.८ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. उत्तर भलतंच आलं तर आधी कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) नाही ना, ते पाहा. एका ठिकाणाचा रेखांश पूर्व आणि दुसऱ्याचा पश्चिम असेल तर रेखांश वजा न करता मिळवायचे, आणि बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने राहणारी चूक फार तर अर्धा टक्का.

वेळेचं गणित मात्र हवेच्या हातात असतं. मोठी जेट विमानं ताशी साधारण ९०० किलोमीटरने उडतात, पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत. त्याच उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. वारा ताशी १२० धरला, तर लंडनकडे येताना ५ तास २६ मिनिटं आणि न्यूयॉर्ककडे जाताना ७ तास ६ मिनिटं लागतात. वारा नसता तर दोन्ही फेऱ्या मिळून १२ तास १९ मिनिटांत झाल्या असत्या. आता १३ मिनिटं जास्त. याचं कारण फार सुंदर आहे: विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा फायद्याहून मोठा ठरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये किआरा वादळाच्या वाऱ्यामुळे ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरवर गेला, तरी हवेच्या तुलनेत ते ध्वनीपेक्षा हळूच होतं.

तिकिटावरची वेळ याहून मोठी दिसते. ती विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण आणि उतरण्याआधीच्या घिरट्या धरून अर्धा-पाऊण तास मिळवावा.

आणि आकाशही सगळीकडे मोकळं नसतं. २०२२ मध्ये रशियाने युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं. हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास त्यामुळे सुमारे १३ तासांवर गेला. कधी उत्तर ध्रुवावरून, तर कधी दक्षिणेकडून वळसा घालून.