ल्युसीनचा हिशेब आणि सोलापूरची भाकरी

मेपल सिरप युरिन डिसीज, म्हणजेच एमएसयूडी. या आनुवंशिक विकारात ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) शरीराला नीट मोडता येत नाहीत. त्यातलं ल्युसीन सर्वांत घातक. ते रक्तात साचलं की मेंदूला सूज येते आणि तान्हं बाळ काही दिवसांत दगावू शकतं. १९५४ मध्ये अमेरिकेत मेंकेस आणि सहकाऱ्यांनी अशा चार भावंडांची नोंद केली. त्यांच्या लघवीला मेपलच्या पाकासारखा, आपल्या भाषेत जळक्या साखरेसारखा, वास होता. बाळंतिणीने मेथीचे लाडू खाल्ले तरी बाळाला असा वास येऊ शकतो. त्यामुळे रक्तातली अमिनो आम्लं तपासल्याशिवाय निदान करू नये.

न्यूयॉर्कच्या सेल्मा स्नायडरमन यांनी १९६४ मध्ये आहाराने उपचार करता येतात, हे मांडलं. पुढची कित्येक वर्षं मात्र ज्या त्या केंद्राचा आपापला अनुभव हाच आधार होता. रुग्णच इतके थोडे की मोठे प्रयोग होणार कसे? अखेर २०१४ मध्ये आहारतज्ज्ञांच्या पुढाकाराने मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात प्रकाशित संशोधनाला तज्ज्ञांच्या एकमताची जोड दिली होती, आणि माझ्या मते हाच प्रामाणिक मार्ग होता. पाच वर्षांपर्यंत रक्तातलं ल्युसीन लिटरमागे ७५ ते २०० मायक्रोमोल, त्यानंतर ३०० पर्यंत, अशी मर्यादा ठरली. आयसोल्युसीन आणि व्हॅलिन मात्र बरेचदा वरून द्यावं लागतं. ते कमी पडलं तर शरीर नवी प्रथिनं बांधू शकत नाही, आणि ल्युसीनही उतरत नाही. नुसतं 'प्रथिनं बंद' करून भागत नाही ते यामुळेच.

सूचना मिलिग्रॅममध्ये असतात, सोलापूरच्या घरात मोजमाप भाकरीचं. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत ल्युसीनचं प्रमाण तांदूळ-गव्हापेक्षा जास्त. ही गोष्ट आपल्याकडे जुनीच माहीत आहे. १९६० च्या सुमारास हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ज्वारी खाणाऱ्यांतल्या पेलाग्राचा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या आजाराचा) संबंध ल्युसीनशी जोडला होता. तो सिद्धांत पुढे वादात सापडला, पण ज्वारीतल्या ल्युसीनबद्दल वाद नव्हता. २०१७ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांत भारतीय पदार्थांची अमिनो आम्लंही आली, आणि आहारतज्ज्ञाला हिशेबाला पक्का आधार मिळाला. पन्नासेक ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास ल्युसीन जातं. तीव्र विकार असलेल्या लहान मुलाची दिवसाची मुभाच अनेकदा एवढी किंवा याहून कमी असते. शेंगाचटणी तर दूरच ठेवावी लागते.

म्हणून ताटाचा आधार बदलतो: मोजून भात, कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी, आणि रोज फॉर्म्युला, म्हणजे ही तीन सोडून बाकीची अमिनो आम्लं पुरवणारं खास पेय. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात एमएसयूडी खास आहारावर सांभाळायच्या विकारांत आहे. घरच्यांना आवर्जून सांगायचं ते तापाबद्दल. आपल्याकडे तापात लंघन करतात. या मुलाला उपाशी ठेवलं तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं आणि ल्युसीन झपाट्याने चढतं. अशा दिवशी आहारातली प्रथिनं थांबवून फॉर्म्युला आणि साखरेचं पाणी चालू ठेवायचं, आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं.