नेढ्यातून ओवलेला डीएनए

परवा एका क्रीमची जाहिरात पाहिली. रात्री लावून झोपायचं, सकाळपर्यंत म्हणे त्वचेचा डीएनए दुरुस्त! ही दुरुस्ती आपल्या पेशींत अहोरात्र चालूच असते, हे मात्र त्यात कुठे नव्हतं. ती करणारी प्रथिनं इतकी देखणी आहेत, की त्यांची ओळख जाहिरातीतून होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

त्यांतलं माझं सगळ्यांत आवडतं म्हणजे टीएफ-टू-एच. दहा प्रथिनांचं हे संकुल आधी सापडलं ते ट्रान्सक्रिप्शनच्या, म्हणजे डीएनएवरून आरएनएची नक्कल काढण्याच्या कामात. नक्कल काढायची तर डीएनएच्या दोन पदरांचा पीळ आधी उकलावा लागतो, ते काम या संकुलाचं. १९९३ साली लक्षात आलं, की यातलं एक्सपीबी हे प्रथिन तर डीएनएच्या दुरुस्तीचा अभ्यास करणाऱ्यांच्या आधीच ओळखीचं आहे. झीरोडर्मा पिगमेंटोसम या आजाराच्या काही रुग्णांत तेच बिघडलेलं असतं.

या आजारात ऊन सोसत नाही. उन्हातले अतिनील किरण डीएनएतली शेजारशेजारची दोन थायमिन (थायमिन हे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटवतात. निरोगी पेशी तो तुकडा कापून टाकते, या रुग्णांच्या पेशींना ते जमत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवलं. लहान वयातच त्वचेचा कर्करोग गाठतो. आई आणि वडील दोघांकडूनही जनुकाची सदोष प्रत आली तरच हा आजार होतो, म्हणून जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून मूल असं झालं, हे बोलणं थांबलंच पाहिजे.

आता एक्सपीडीकडे येऊ. हे त्याच संकुलातलं दुसरं प्रथिन. त्याच्या मधोमध एक अरुंद भोक आहे, आणि त्याच्या कडेला चार लोह आणि चार गंधक अणूंचा एक पुंजका. नक्कल काढताना एक्सपीडी नुसतं खांबासारखं उभं असतं. संकुलातल्याच तीन प्रथिनांच्या एका गटाने त्याला जखडून ठेवलेलं असतं. दुरुस्तीच्या वेळी एक्सपीसी नावाचं प्रथिन डीएनएची वाकडी झालेली जागा हेरतं, टीएफ-टू-एच तिथे येऊन बसतं, मग एक्सपीए हे आणखी एक प्रथिन येतं आणि तो जखडणारा गट सुटतो. मोकळं झालेलं एक्सपीडी डीएनएचा एकच पदर आपल्या भोकातून ओढत निघतं. सुईच्या नेढ्यातून दोरा सरसर जावा आणि गाठीशी अडावा, तसं ते चिकटलेल्या थायमिनांशी अडतं. हे अडणं म्हणजेच तपासणी. बिघाड खरा असल्याची खात्री पटली, की दोन कात्र्या, एक्सपीएफ आणि एक्सपीजी, दोन्ही बाजूंनी कापतात. सुमारे ३० अक्षरांचा तुकडा निघतो आणि समोरच्या पदरावर बघून ती जागा नव्याने भरली जाते.

मानवी टीएफ-टू-एचची तपशीलवार रचना २०१७ मध्ये बर्कलीत एव्हा नोगालेस यांच्या गटाने अतिथंड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीने पाहिली. २०१९ मध्ये गटिंगेनच्या पॅट्रिक क्रॅमर यांच्या गटाने ते डीएनए धरलेल्या अवस्थेत टिपलं.

एक्सपीडीच्याच जनुकातल्या वेगळ्या बदलांनी ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी होते. त्यात केस ठिसूळ होतात. काही रुग्णांत तो खांब एरवी कसाबसा उभा राहतो, पण ताप चढला की ढासळतो. केसांच्या मुळांशी जनुकांच्या नकला निघणं मंदावतं आणि केस तुटून गळतात. ताप उतरला की पुन्हा येतात.