स्वयंचलित गिअरपेटी, जुन्या ट्रकमधील

क्लचचे पेडल न दाबता, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार पाहून आपणहून गिअर बदलणारी यंत्रणा. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेत साधारणतः १९५० ते १९९० या काळात बनलेल्या हलक्या ट्रकांमधील (पिकअप) गिअरपेट्या, त्यांची देखभाल आणि जुनी पेटी काढून अधिक गिअरांची बसवण्याची पद्धत यांचा विचार केला आहे. या पेट्यांत ताकद पोचवण्याचे, पेटीच्या आतले क्लच (गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्या) दाबण्याचे, उष्णता वाहून नेण्याचे आणि नव्वदच्या दशकापूर्वीच्या पेट्यांत तर गिअर केव्हा बदलायचा हे ठरवण्याचेही काम तेलच करते. म्हणून पेटीच्या बहुतेक तक्रारींचा माग तेलाचा दाब किंवा तेलाचे तापमान येथे लागतो.

पहिली स्वयंचलित गिअरपेटी कोणाची, याबद्दल एकमत नाही. बॉस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास केंद्रोत्सारी वजनांच्या साहाय्याने दोन गिअर बदलणारी रचना केली. तिची वजने टिकत नसत. कॅनडातील आल्फ्रेड हॉर्नर मन्रो यांनी १९२१ मध्ये आराखडा मांडला व १९२३ मध्ये पेटंट मिळवले. परंतु त्यांची यंत्रणा तेलावर नव्हे, दाबलेल्या हवेवर चालणारी होती. ब्राझीलमध्ये हे श्रेय जोसे ब्राझ आरारिपे व फर्नांदो लेमोस यांना दिले जाते. त्यांनी १९३२ च्या सुमारास द्रवचलित रचना तयार केली व ती जनरल मोटर्सने विकत घेतली, असे सांगतात. जनरल मोटर्सच्या हायड्रा-मॅटिक पेटीच्या प्रत्यक्ष रचनेत तिचा वाटा किती, हा प्रश्न वेगळा. अर्ल थॉम्पसन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली हायड्रा-मॅटिक १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारींत आली. मोठ्या प्रमाणावर बनलेली पहिली पूर्ण स्वयंचलित पेटी म्हणून तिलाच मान देणे अधिक सयुक्तिक वाटते.

या वादात टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, तेलामार्फत पेटीला देणाऱ्या भागाचा) उगम बहुधा विसरला जातो. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये द्रवगतिक प्रेषणाचे पेटंट घेतले ते जहाजांसाठी. वेगाने फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनची ताकद सावकाश फिरणाऱ्या पंख्यापर्यंत न्यायची, एवढाच त्यामागचा हेतू. इंजिनाबरोबर फिरणारा पंप तेल फेकतो, समोरचे टर्बाइन त्या माऱ्याने फिरते, आणि मधला स्टेटर परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून टॉर्क वाढवतो. हायड्रा-मॅटिकमध्ये स्टेटरच नव्हता. तिच्यातली साधी द्रव जोडणी टॉर्क पोचवत असे, वाढवत नसे. उलट १९४८ च्या ब्युइक डायनाफ्लोमध्ये कन्व्हर्टर होता, पण गिअर आपणहून बदलत नसत. ‘लो’ हवा असेल तर चालकाने दांडा ओढायचा. आजच्या अर्थाने स्वयंचलित पेटी या दोन वंशांच्या संकरातून झाली. महायुद्धात हायड्रा-मॅटिक एम५ रणगाड्यात वापरली गेली. ट्रकांमध्ये ती जीएमसीने १९५३ च्या व शेव्हरोलेने १९५४ च्या सुमारास देऊ केली.

पुढील काळातल्या ज्या पेट्या आजही दुरुस्तीला येतात त्या मोजक्याच : क्रायस्लरची टॉर्कफ्लाइट ७२७ (१९६२), जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० (१९६४) व ३५० (१९६९), आणि फोर्डची सी६ (१९६६). चारही तीन गिअरांच्या असून त्यांत सिम्पसन पद्धतीची ग्रहीय दंतचक्रे (मधल्या चक्राभोवती फिरणारी लहान चक्रे) आहेत. इतके साम्य असूनही देखभालीचे नियम मात्र एक नाहीत.

तेलाची पातळी गाडी सपाट जागी ठेवून, तेल तापल्यावर व इंजिन चालू असतानाच पाहतात. बहुतेक पेट्यांत दांडा ‘पार्क’मध्ये असतो. टॉर्कफ्लाइटमध्ये तो ‘न्यूट्रल’मध्ये हवा, कारण तिच्या जुन्या रचनेत ‘पार्क’मध्ये कन्व्हर्टरकडे तेल जात नाही व पातळी खोटी दिसते. चांगले तेल लाल व पारदर्शक असते. तपकिरी रंग आणि जळका वास म्हणजे क्लचचे अस्तर करपले. दुधाळ गुलाबी रंग सर्वांत वाईट : रेडिएटरमधली तेलाची नळी फुटून पाणी आत आले आहे. कागदी अस्तर पाणी शोषून फुगते व पोलादी चकतीवरून सुटू लागते, त्यामुळे अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही. तळाची पॅन उतरवल्यावर चुंबकावर करडा, लोण्यासारखा थर दिसला तर तो नेहमीच्या झिजेचा. बोटांत खरखरणारे चमकते कण निघाले, तर पेटी खोलावी लागते.

पॅन उतरवून जुने तेल निम्मेसुद्धा निघत नाही. उरलेले कन्व्हर्टरमध्ये राहते. काही कन्व्हर्टरांना निचऱ्याचा बोल्ट असतो, पुष्कळांना तो नसतो. शिवाय तेलाच्या जाती परस्परांना चालत नाहीत. फोर्डच्या सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पेट्यांना ‘टाइप एफ’ लागे. त्यात घर्षण मवाळ करणारे द्रव्य नसल्याने क्लच झटकन पकडतो. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉनमध्ये (१९६७) ते द्रव्य असते व पकड सावकाश बसते. जुन्या फोर्डमध्ये डेक्सरॉन ओतल्यास क्लच जास्त वेळ घसरून तापतो. पूर्वी हे मवाळपणाचे काम स्पर्म व्हेलचे तेल करीत असे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत त्यावर बंदी आली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधताना बराच घाम गाळावा लागला.

वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या पेटीत नवे तेल घालावे की नाही, याबद्दल मेकॅनिकांत दोन तट आहेत. जुन्या तेलात तरंगणाऱ्या अस्तराच्या भुकटीमुळेच झिजलेले क्लच पकड धरतात, ते काढले की पेटी निकामी होते, असे एक मत. दुसरे मत असे, की गिअर घसरू लागल्यावरच मालकाला तेलाची आठवण होते. पेटी आधीच संपलेली असते आणि दोष नव्या तेलावर येतो. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. तरीही अशा पेटीत दाबाने सगळे तेल एकदम बदलण्यापेक्षा पॅन व फिल्टरपुरते काम करून काही दिवस पाहणे बरे.

तेल साधारण ८० अंश सेल्सियसपर्यंत सुखात राहते. त्यापुढे दर १०-११ अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असा ठोकताळा वापरतात. त्याला काटेकोर मापन समजू नये. ओझे ओढणाऱ्या ट्रकाला म्हणून जादा कूलर बसवतात. तो रेडिएटरच्या नळीनंतर जोडण्याची पद्धत रूढ आहे. अशा जोडणीत थंडीत रेडिएटर तेलाला ऊब देतो आणि उन्हाळ्यात उरलेली उष्णता कूलर काढतो.

सुधारणेचे दोन प्रकार. पहिल्यात पेटी तीच राहते. व्हॉल्व्ह बॉडीतल्या (तेलाची वाट ठरवणाऱ्या झडपांच्या ठोकळ्यातल्या) स्प्रिंगा बदलून व पत्र्यातली छिद्रे मोठी करून क्लच लवकर भरवला जातो. गिअर बदलताना झटका जाणवतो, पण घसरण व उष्णता कमी होते. दुसऱ्या प्रकारात ओव्हरड्राइव्ह (पेटीचा शाफ्ट इंजिनापेक्षा जलद फिरवणारा गिअर) असलेली पेटी बसवतात. टर्बो ३५० च्या जागी ७००आर४ (१९८२) हा नेहमीचा बदल. चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७० असल्याने, ३.७३ गुणोत्तराचा मागचा धुरा व सुमारे ७२ सेंमी. व्यासाचे टायर असतील, तर ताशी १०० किमी. वेगाला इंजिनाचे फेरे मिनिटाला २,७५० वरून १,९२५ वर येतात (कन्व्हर्टरची घसरण सोडून). पहिला गिअर २.५२ ऐवजी ३.०६ असल्याने ओझे सहज उचलले जाते. मात्र पहिल्यातून दुसऱ्यात, म्हणजे १.६३ मध्ये, जाताना इंजिनाचे फेरे एकदम कमी होतात. पेटी लांब असल्याने खालचा आडवा आधार मागे सरकवावा लागतो व मागचे आवरण आखूड असलेल्या (शॉर्ट टेल-हाउसिंग) टर्बो ३५० च्या जागी ती बसवल्यास प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) कापून घ्यावा लागतो. पहिल्या काही वर्षांतल्या ७००आर४ नाजूक निघाल्या. १९८७ नंतरच्या निवडणे श्रेयस्कर.

या बदलात पेट्या जळतात त्या बहुधा एका केबलमुळे. ७००आर४ मध्ये कार्ब्युरेटरपासून व्हॉल्व्ह बॉडीपर्यंत जाणारी टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल तेलाचा दाब ठरवते. टर्बो ३५० मध्ये ते काम इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या मॉड्युलेटरकडे होते. जुन्या कार्ब्युरेटरच्या दांडीची भूमिती या केबलसाठी नसतेच. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर केबल पूर्ण ताणली गेली पाहिजे. ती थोडी ढिली राहिली तरी गाडी चालते, गिअर उलट मऊ पडतात, चालकही खूश होतो. आणि थोड्याच दिवसांत तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच करपतो. जड कामासाठी टर्बो ४०० पासून विकसित झालेली ४एल८०ई (१९९१) वापरतात. तिला केबल नाही, पण इलेक्ट्रॉनिक नियंत्रक लागतो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या ट्रकांत ट्रान्स्फर केसचा (पुढच्या व मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा) जोडभागही जुळवावा लागतो.

पेटी चढवताना कन्व्हर्टर पूर्ण आत बसला आहे याची खात्री करतात. तो हाताने फिरवत आत ढकलला की आधी एका, मग दुसऱ्या शाफ्टच्या आणि शेवटी पंपाच्या खाचेत बसताना ‘खट्’ असा तीनदा आवाज येतो. तिसरा आवाज न येता बोल्ट आवळले, तर पंप फुटतो. पेटी आणि इंजिन यांचे तोंड बोल्ट न आवळता, हातानेच सपाट भिडले पाहिजे. त्यानंतर थोडे तेल घालून इंजिन सुरू करतात, ब्रेक दाबून दांडा प्रत्येक गिअरमधून सावकाश फिरवतात, आणि पातळी पाहत पाहत उरलेले तेल भरतात.