सगळ्यात चांगला खेळाडूही बहुतेक वेळा हरतोच

2025च्या जुलैतली गोष्ट. अंबाजोगाईला बसस्टँडजवळच्या एका हॉटेलात चहा घेत होतो. पेरण्या उरकल्या होत्या, त्यामुळे टेबलं भरलेली. माझा एक जुना विद्यार्थी शेजारी येऊन बसला आणि मोबाइल माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर गोल्फ खेळाडूंची लांबच लांब यादी, प्रत्येक नावासमोर एक आकडा.

"सर, हा ख्रिस गॉटरप मागच्या आठवड्यात स्कॉटिश ओपन जिंकलाय. मॅकलरॉयला मागं टाकून. आता ब्रिटिश ओपनला ह्याच्यावर लावू का? फॉर्मात हाय पोरगं."

"लावू नको," म्हणालो.

"काहून?"

या 'काहून'चं उत्तर चहाच्या एका कपात मावण्यासारखं नव्हतं. पोराने गोल्फचं मैदान कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवर रोज टिपा येतात, तेवढ्यावर त्याचा भरवसा. त्याला जे सांगितलं ते आणि जे सांगायचं राहिलं ते, असं दोन्ही इथे लिहितो आहे.

गोल्फमध्ये सगळ्यात कमी फटक्यांत चेंडू खळग्यांत घालणारा जिंकतो. रोज 18 खळगे, असे चार दिवस, म्हणजे एकूण 72. ब्रिटिश ओपनला 156 खेळाडू उतरतात. दोन दिवसांनंतर साधारण निम्मे घरी जातात. आपल्याला एवढंच पुरे.

आता एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. साठ मुलं. संभाव्यता शिकवताना मी दरवर्षी हा खेळ घ्यायचो. प्रत्येकाने नाणं दहा वेळा उडवायचं आणि छापे मोजायचे. बहुतेकांचे चार, पाच, सहा येतात. पण साठ जणांत आठ छापेवाले दोन-तीन बहुधा निघतात, आणि अधूनमधून एखाद्याचे नऊही येतात. एका वर्षी एका मुलीचे नऊ आले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. तिला पुढे बोलावलं आणि म्हटलं, पुन्हा उडव. आले चार. मागच्या बाकावरून आवाज आला, "नजर लागली!"

नजर कोणाची लागायला नको नि काही नको. नाण्यात कौशल्य शून्य आहे, तरी साठ जणांत कोणी तरी पहिला येणारच. पहिल्या आलेल्याला आपण हुशार म्हणतो आणि तिथेच फसतो.

गोल्फमध्ये कौशल्य नक्कीच आहे, आणि भरपूर आहे. पण त्यात नाणंही मिसळलेलं आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा, आणि मला या सगळ्यात सर्वांत आवडणारा भाग हाच. जरा सावकाश वाचा.

जगातला कसलेला व्यावसायिक खेळाडूही रोज सारखं खेळत नाही. त्याची एका दिवसाची फटक्यांची संख्या त्याच्या स्वतःच्या सरासरीपासून पावणेतीन फटक्यांच्या आसपास इकडेतिकडे हलते. याला प्रमाण विचलन म्हणतात. वारा, उतारावर एक टप्पा जास्त घेतलेला चेंडू, खळग्याच्या ओठावरून परत फिरलेला फटका, सगळं त्यात आलं. तोच माणूस आज 67 मध्ये संपवतो आणि उद्या 72 घेतो. बिघडलेलं काहीच नसतं.

चार दिवसांत काय होतं? एखादा खेळाडू बाकीच्यांपेक्षा रोज दोन फटक्यांनी सरस असेल, तर चार दिवसांत त्याची आघाडी चौपट होते, म्हणजे आठ फटके. कौशल्याची बेरीज सरळ होते. नशिबाची तशी होत नाही, कारण एका दिवसाचा चांगला योग दुसऱ्या दिवसाच्या वाईट योगाला थोडाफार खाऊन टाकतो. त्याचं विचलन दिवसांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतं. चार दिवस, चाराचं वर्गमूळ दोन, म्हणून दुप्पट. पावणेतीन दुणे साडेपाच. शंभर दिवसांचा खेळ घेतला तर कौशल्य शंभरपट होतं आणि नशीब फक्त दहापट. म्हणून वर्षभराच्या आकड्यांत खरा खेळाडू लख्ख दिसतो आणि चार दिवसांच्या स्पर्धेत धूसर.

आता पुढची पायरी. समजा, दीडशे खेळाडू अगदी सारख्याच दर्जाचे आहेत. प्रत्येकाची चार दिवसांची एकूण संख्या साडेपाचच्या विचलनाने हलते. दीडशे जणांतला सर्वांत नशीबवान सरासरीपासून किती दूर जाईल? संख्याशास्त्र सांगतं, विचलनाच्या सुमारे 2.6 पट. साडेपाच गुणिले 2.6, म्हणजे चौदाच्या थोडं वर. दहा नाण्यांत नऊ छापे आणणाऱ्या मुलीचीच ही मोठी बहीण. तिचं नाव आधी कोणालाच सांगता येत नाही. पण दीडशे जणांत कोणी तरी चौदा फटक्यांनी सरस खेळून जाणार, हे जवळपास ठरलेलं.

रोज दोन फटक्यांनी सरस असणाऱ्या आपल्या पट्टीच्या खेळाडूकडे आठ फटक्यांची आघाडी आहे. जिंकायला चौदा लागतात. उरलेले सहा-साडेसहा फटके त्यालाही नशिबाकडूनच मागावे लागतात. तसं घडण्याची शक्यता साधारण आठ-नऊ वेळांत एकदा. तो रोज तीन फटक्यांनी सरस असेल तर तीनात एकदा. हिशोब ढोबळ आहे, सगळे खेळाडू सारखे नसतात. पण तो किती बरोबर उतरतो, ते टायगर वूड्समध्ये दिसतं. 1997च्या मास्टर्सपासून 2008च्या यूएस ओपनपर्यंत तो 46 प्रमुख स्पर्धा (मेजर, वर्षात अशा चारच असतात) खेळला आणि 14 जिंकला. तीस टक्के. त्या काळातला त्याचा खेळ म्हणजे गोल्फच्या इतिहासातल्या सर्वोच्च खेळांपैकी एक. 2000 सालची यूएस ओपन त्याने 15 फटक्यांनी जिंकली होती. असा खेळाडूही दहापैकी सात वेळा हरत होता.

गॉटरपकडे परत येऊ. मागच्या आठवड्यात जिंकला म्हणजे त्याच्या खेळात कौशल्य होतंच, पण त्या आठवड्याचं नशीबही त्याच्या बाजूने होतं. कौशल्य पुढच्या आठवड्यात सोबत येतं, नशीब येत नाही. फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजताना हा प्रकार मांडला. खूप उंच आईबापांची मुलं उंच होतात, पण बहुधा त्यांच्याइतकी नाही. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. लातूरला शिकवणी लावलेल्या मुलांच्या घरी हे दर महिन्याला घडतं. सराव परीक्षेत 720 पैकी 650 पडतात, पेढे वाटले जातात आणि पुढच्या परीक्षेत 610 येतात. मग आजी मीठ-मोहऱ्या उतरवते आणि तिसऱ्या परीक्षेत 630 आले की दृष्ट उतरली म्हणते. त्या मुलाची खरी पातळी 630 च्या आसपासच होती. त्या संध्याकाळी मोहऱ्यांऐवजी चुकलेली उदाहरणं पुन्हा सोडवायला बसवलं असतं तर चार गुण खरोखर वाढले असते. मला याची चीड येते, कारण पोर अभ्यास करत असतं आणि श्रेय चुलीतल्या तडतडीला जातं.

मग कौशल्य मोजायचं तरी कसं? कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी यांनी हे काम सुंदर केलं आहे. अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे तिथल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेत, प्रत्येक फटका कुठून मारला आणि कुठे पडला याची नोंद होते. त्यावरून त्यांनी प्रत्येक अंतरावरून सरासरी किती फटके लागतात ते काढलं. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडू निम्म्या वेळाच चेंडू आत घालतो, म्हणजे तिथून सरासरी दीड फटका. खेळाडूने एकात घातला तर त्याने अर्धा फटका कमावला, दोन घेतले तर अर्धा गमावला. असं प्रत्येक फटक्याचं जमाखर्च खातं तयार होतं. त्यातून निघालं की उत्तम आणि साधारण खेळाडूंतला सुमारे दोनतृतीयांश फरक शंभर यार्डांपलीकडच्या लांब फटक्यांमुळे पडतो. टीव्हीवर मात्र आपण हिरवळीवरचा शेवटचा ढकलफटका पाहून टाळ्या देतो. त्यात नाणं सर्वांत जास्त मिसळलेलं असतं. एखादा आठवडाभर ढकलफटक्यांवर जिंकला असेल तर पुढच्या आठवड्यात त्याच्यावर कमी भरवसा ठेवायचा, आणि लांब फटक्यांवर जिंकला असेल तर थोडा जास्त.

ब्रिटिश ओपनला आणखी एक गोष्ट असते, वारा. मैदानं समुद्रकाठची. पहिल्या दिवशी निम्मे खेळाडू सकाळी निघतात, निम्मे दुपारी, आणि दुसऱ्या दिवशी उलट. एका गटाला शांत हवा मिळते आणि दुसऱ्याला सोसाट्याचा वारा. बांधाच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडचं शिवार कोरडं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता मोबाइलवरच्या आकड्यांकडे, म्हणजे भावाकडे. लावलेलं नाव जिंकलं तर रुपयाला किती रुपये मिळणार, तो भाव. हे समजायला मटका पुरतो. जुन्या रीतीने एका आकड्याला रुपयाला नऊ मिळतात. आकडे दहा आहेत. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा जातात आणि नऊ येतात. रुपयाला नऊ म्हणजे मटकेवाला तुम्हाला प्रत्येक आकड्याची शक्यता 11.1 टक्के धरायला लावतो. दहा आकड्यांची बेरीज 111 टक्के. खऱ्या शक्यतांची बेरीज 100च्या वर जाऊच शकत नाही. वरचे 11 हे त्याचं दुकान. गोल्फच्या यादीत दहाच्या जागी 156 आकडे, दुकान तेच. त्यातही तळाच्या नावांना त्यांच्या खऱ्या शक्यतेच्या मानाने जास्तच कमी भाव दिलेला असतो. घोड्यांच्या शर्यतीत हे 1949 मध्येच दाखवलं गेलं की लोक दुबळ्या घोड्यावर त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात. 2003च्या ब्रिटिश ओपनला जागतिक क्रमवारीत 396वा असलेला बेन कर्टिस जिंकला. त्याचं नाव सगळ्यांना आठवतं. त्याच्यासारखे जे शेकडो जिंकले नाहीत, त्यांचं कोणी सांगत नाही.

टिपा देणाऱ्या ग्रुपांचंही असंच चालू शकतं. हजार लोकांना दहा वेगवेगळी नावं पाठवली आणि त्यातलं एक जिंकलं, तर शंभर जणांना तो माणूस अंतर्यामी वाटतो. पुढच्या वेळी तो याच शंभरांकडून पैसे मागतो. कुंडली पाहून निकाल सांगणाऱ्यांचीही हीच युक्ती.

त्या आठवड्यात रॉयल पोर्टरशच्या मैदानावर झालेली ब्रिटिश ओपन स्कॉटी शेफलरने चार फटक्यांनी जिंकली. यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. मे महिन्यातली पीजीए चॅम्पियनशिपही त्यानेच जिंकली होती. मास्टर्स मॅकलरॉयकडे आणि यूएस ओपन जे. जे. स्पॉनकडे गेली होती. गॉटरप तिसरा आला. म्हणजे पोराची निवड वाईट नव्हती. सरासरीकडे परतणं म्हणजे तोंडावर आपटणं नव्हे, खेळाडू आपल्या खऱ्या पातळीजवळ येतो एवढंच. पण तिसऱ्यावर लावलेले पैसे पहिल्याच्या भावाने परत येत नाहीत. पुढच्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. तरी परदेशी साइटच्या लिंका अजून फिरताना दिसतात, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

त्या दिवशी हॉटेलात मी त्याला एकच काम दिलं. बिलाच्या पाठीवर त्याने प्रत्येक खेळाडूचा भाव मांडला, शंभराला त्या भावाने भागलं आणि बेरीज करत गेला. पाच पटीचे वीस, आठ पटीचे साडेबारा, वीस पटीचे पाच. चहा निवला. पस्तिसाव्या नावाला बेरीज शंभराच्या पुढे गेली. त्याने पेन थांबवलं आणि अंगठ्याने यादी खाली सरकवून पाहिली. अजून 121 नावं बाकी होती.