क्यू-३५ म्हणजे यूईएफआय नव्हे

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या जुन्या मशीनसोबत आलेला विंडोज एक्सपीचा पीसी क्यूईएमयू-केव्हीएमवर, म्हणजे लिनक्सवर आभासी संगणक (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, न्यायचं काम बडोद्यात कुणाकडेही येऊ शकतं. तेव्हा हमखास ऐकू येतं, "क्यू-३५ घेतलं, म्हणजे यूईएफआय आलं." नाही आलं. क्यू-३५ हा मशीन टाइप, म्हणजे व्हीएमला कोणता चिपसेट भासवायचा ते; यूईएफआय हा फर्मवेअरचा प्रकार, म्हणजे संगणक चालू होताच विंडोजला सुरू करून देणारा प्रोग्राम. या दोन स्वतंत्र निवडी आहेत.

आधी फर्मवेअर. सीबायोस (जुन्या पद्धतीचा बायोस) डिस्कचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर उचलतो, ओव्हीएमएफ (व्हीएमसाठीचं यूईएफआय) फॅट पार्टिशनवरची ईएफआय फाइल शोधतो. क्यू-३५वर सीबायोस उत्तम चालतो. गैरसमजाला खतपाणी मिळतं ते विंडोज ११मुळे: तिथे सिक्युअर बूटची (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देण्याची) सोय हवी, आणि ओव्हीएमएफमध्ये ती पक्की बसवायला लागणारा एसएमएम हा प्रोसेसरचा राखीव मोड क्यू-३५वरच मिळतो. ती जोडी तिथली, सगळीकडची नव्हे.

लोक अडकतात ते मशीन टाइपमध्ये. दुसरा मशीन टाइप आय-४४०एफएक्स: हा इंटेलचा १९९६चा चिपसेट, डिस्क आयडीई या जुन्या जोडणीवर. क्यू-३५ हा २००७चा, डिस्क एएचसीआय या नव्या जोडणीवर, जोडीला कार्डांसाठी पीसीआय एक्सप्रेस. क्यू-३५वर एक्सपीची डिस्क लावली तर सुरुवातीला सगळं ठीक दिसतं, कारण तोवर डिस्क वाचून देतो सीबायोस. मग विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःचा ड्रायव्हर शोधतो. एक्सपीत एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नाही, म्हणून निळा पडदा आणि स्टॉप कोड ७बी, म्हणजे बूटची डिस्कच हाती लागली नाही.

तेव्हा गाडी कुठे थांबली ते आधी बघा. विंडोज सुरू होण्याआधीच 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा यूईएफआय शेल आलं, तर फर्मवेअर आणि डिस्कची मांडणी जुळत नाही. लोगो दिसून ७बी आला, तर डिस्क कंट्रोलर तपासा. या दुसऱ्या प्रकारात एमबीआरची (डिस्कच्या जुन्या मांडणीची) जीपीटी (यूईएफआयला लागणारी नवी मांडणी) करू नका, कृपा करून. ३२ बिटी एक्सपी जीपीटीवरून बूटच होत नाही; होती ती डिस्कही हातची जाईल.

एक्सपीला आय-४४०एफएक्स, सीबायोस, आयडीई डिस्क आणि आरटीएल८१३९ नेटवर्क कार्ड द्या. या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीत असतोच.

विंडोज १० यूईएफआयवर न्यायचंच असेल, तर १७०३ आवृत्तीपासून एमबीआरटूजीपीटी हे मांडणी बदलणारं साधन सोबत येतं. आधी स्नॅपशॉट (व्हीएमची आहे तशी नोंद), मग त्या साधनाचं व्हॅलिडेट (तपासणी), मग कन्व्हर्ट (बदल), फर्मवेअर सगळ्यांत शेवटी बदला. प्रायमरी पार्टिशनं तीनपेक्षा जास्त असतील तर व्हॅलिडेटच अडेल. ओव्हीएमएफची सेटिंग्ज साठवणारी व्हार्स फाइल प्रत्येक व्हीएमला वेगळी द्या, बूटच्या नोंदी तिच्यातच राहतात.

चालत्या व्हीएमचा मशीन टाइप हौस म्हणून बदलू नये. कार्डांचे पीसीआयवरचे पत्ते हलतात. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव ईएनएस३चं ईएनपी१एस० होतं, विंडोजला कार्ड नवं वाटतं, आणि स्थिर आयपी जुन्या कार्डाच्या नावावर पडून राहतो.