व्हर्च्युअल ऑडिओ मिक्सिंग, कमांड लाईनवरून

व्हर्च्युअल ऑडिओ मिक्सिंग म्हणजे कॉम्प्युटरमधले वेगवेगळे आवाज, माईकचे असोत, गाण्याच्या प्लेअरचे असोत नाहीतर ब्राउझरचे, सॉफ्टवेअरमध्येच एकत्र करायचे आणि पाहिजे त्या साऊंड कार्डाकडं किंवा रेकॉर्डिंगकडं पाठवायचे. टेबलावरचा मिक्सर याला लागत नाही. माऊसनं पण हे करता येतंय, पण ही नोंद टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, कमांड देऊन करायच्या पद्धतीची आहे आणि तीच जास्त भरवशाची, कारण जमलेल्या ओळी एकदा फाईलमध्ये लिहून ठेवल्या की मंडळातलं कुठलंबी पोरगं पुढच्या कार्यक्रमाला तेच सेटिंग परत उभं करतंय. कमांडी इथं देवनागरीत दिल्यात, टाईप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

मुळात हे का लागतंय? साध्या साऊंड कार्डाला एका वेळी एकच प्रोग्राम थेट धरून ठेवू शकतो, दुसरा आला की त्याला डिव्हाईस बिझी असल्याचा एरर मिळतो. साऊंड ब्लास्टर लाईव्हसारख्या काही जुन्या कार्डांच्या चिपमध्येच मिक्सिंग व्हायचं, लॅपटॉपच्या आतल्या कार्डात ते नसतंय. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आल्सा ही आवाजाची खालची यंत्रणा, यारोस्लाव्ह किसेलानं १९९८ साली सुरू केलेली, २००३ च्या शेवटी आलेल्या २.६ कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ती मुख्य झाली. तिच्यात डीमिक्स नावाचं प्लगइन आहे, ते सगळ्या प्रोग्रामचे आवाज शेअर्ड मेमरीत बेरीज करून कार्डाला देतं, आणि माईकच्या बाजूला तसंच काम डीस्नूप करतं, म्हणजे एकच माईक दोन प्रोग्रामना ऐकता येतो. कार्ड कुठलं कितव्या नंबरला आहे ते बघायला एप्ले -एल आणि ए-रेकॉर्ड -एल, बाकीचं होम फोल्डरमधल्या डॉट-एसाउंडआरसी फाईलमध्ये लिहायचं. पण डीमिक्स एका वेळी एकाच कार्डावर चालतं. दोन यूएसबी माईक आणि लॅपटॉपचा आवाज असं सगळं जुळवायचं तर आल्साच्या वर बसून सगळे आवाज सांभाळणारा प्रोग्राम, म्हणजे सर्व्हर, लागतोच.

तो सर्व्हर आधी पल्सऑडिओ होता, लेनार्ट पॉटरिंगचा, २००७ साली लिनक्सच्या फेडोरा ८ या आवृत्तीत तो डिफॉल्ट झाला. आता बहुतेक ठिकाणी विम टायमन्सनं लिहिलेला पाइपवायर असतो, फेडोरा ३४ मध्ये २०२१ ला आणि उबंटू या दुसऱ्या लिनक्समध्ये २२.१० पासून. पाइपवायर जुन्या पल्सऑडिओच्या कमांडी ओळखतो, त्यामुळं पॅक्टल ही सर्व्हरला हुकूम द्यायची कमांड एकदा शिकली की दोन्हीकडं चालतंय.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात याचा सगळ्यात मोठा उपयोग दोन भाषांच्या लाईव्हसाठी आहे. गावचा उत्सव एकच, भजन एकच, पण बघणारी निम्मी घरं मराठी आणि निम्मी कन्नड, आणि एकाच माणसानं आळीपाळीनं दोन्ही भाषांत सांगत बसलं की कुणालाच धड ऐकू येत नाही, अर्धा अभंग निवेदनातच जातो. एका लॅपटॉपवर दोन वेगळे आवाज तयार करता येतात, हे माहीत नसल्यामुळं लोक उगाच दोन-दोन लॅपटॉप मागून आणतात. करायचं ते असं:

पॅक्टल लोड-मॉड्यूल मॉड्यूल-नल-सिंक सिंक_नेम=मराठी
पॅक्टल लोड-मॉड्यूल मॉड्यूल-नल-सिंक सिंक_नेम=कन्नड

प्रत्येक ओळीनंतर टर्मिनल फक्त एक आकडा दाखवतं, तो त्या मॉड्यूलचा, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या भागाचा, नंबर, तो लिहून ठेवायचा कारण नंतर अनलोड-मॉड्यूलला तोच द्यायचा. नल सिंक म्हणजे आवाज गोळा करायचा हौद समजा, त्याला स्पीकर जोडलेला नसतो, पण आत जमलेलं सगळं त्याच्या नावापुढं डॉट-मॉनिटर लावलं की बाहेरून ऐकता येतंय. मग पॅक्टल लिस्ट शॉर्ट सोर्सेस म्हणायचं, माईकची लांबलचक नावं दिसतात, आणि दोन्ही माईक एकाच मॉडेलचे असले तर नावं इतकी सारखी असतात की एक-एक माईक लावून दर वेळी यादी बघितलेली बरी. त्यानंतर लूपबॅक, म्हणजे माईकचा आवाज हौदात नेणारी नळी, जोडायची, सोर्सच्या जागी यादीतलं माईकचं नाव घालून:

पॅक्टल लोड-मॉड्यूल मॉड्यूल-लूपबॅक सोर्स=मराठी निवेदकाचा माईक सिंक=मराठी लेटन्सी_एमसेक=३०

कन्नड निवेदकासाठी अशीच दुसरी ओळ. आणि भजनाचा माईक मात्र दोनदा जोडायचा, एकदा मराठीत, एकदा कन्नडमध्ये. म्हणजे पेटी, पखवाज, टाळ दोन्हीकडं जातात आणि निवेदन ज्याचं त्याच्याकडं. तंबोरा किंवा आधी रेकॉर्ड केलेली धून लॅपटॉपवरून वाजवायची असली तर ती पण आधी एका नल सिंकमध्ये सोडून तिथून दोन लूपबॅक काढायचे. शेवटी एका लाईव्हला मराठी-डॉट-मॉनिटर द्यायचं, दुसऱ्याला कन्नड-डॉट-मॉनिटर, आणि पी-रेकॉर्ड कमांडला डिव्हाईस म्हणून तेच नाव दिलं की दोन्ही रेकॉर्डिंग पण वेगवेगळी मिळतात. ज्या खोलीत माईक चालू आहे तिथल्या स्पीकरवर मॉनिटर जोडायचा नाही, शिट्टी वाजते. ऐकायला हेडफोनच.

मिक्सिंग म्हणजे आत नुसती बेरीज असते, हे डोक्यात राहिलं की निम्म्या तक्रारी सुटतात. १६ बिटाच्या आवाजात आकडा ३२७६७ च्या वर जाऊच शकत नाही. पखवाजाचा २०००० आणि निवेदकाचा २०००० एकाच क्षणी आले तर ४०००० होतात, वरचं कापलं जातं आणि आवाज फाटतो. पाइपवायरमध्ये आतली बेरीज फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, होते म्हणून तिथं काही बिघडत नाही, कापाकापी शेवटी कार्डाकडं किंवा फाईलकडं जाताना होते. अगदी सारखे दोन आवाज मिळाले तर पातळी ६ डेसिबल वाढते, म्हणून तीन माईक असले तर प्रत्येक माईक मुळातच खाली ठेवायचा, सेट-सोर्स-व्हॉल्यूमनं, शेवटचा मास्टर कमी करून फाटलेलं परत जुळत नाही.

दुसरी गोष्ट उशीर. सेकंदाला ४८००० फ्रेमच्या रेटला १०२४ फ्रेमचा बफर, म्हणजे आवाज थोडा साठवून पुढं द्यायची जागा, साधारण २१ मिलिसेकंदांची, आणि असे दोन-तीन बफर वाटेत आले की गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागून येतोय असं वाटतं आणि लय बिघडते. बघणाऱ्यांना त्यानं काही फरक पडत नाही, गाणाऱ्याला पडतो. त्याला लॅपटॉपमधून ऐकवूच नये, माईकवरच हेडफोनचं भोक असलं तर तिथं लावायचं. लेटन्सीचा, म्हणजे उशिराचा, आकडा फार खाली आणला तर जुना लॅपटॉप करकर करायला लागतो. शिवाय प्रत्येक यूएसबी माईकचं घड्याळ वेगळं चालतं, तास-दोन तासांत दोन माईक एकमेकांपासून सरकायला लागतात, पण लूपबॅक मॉड्यूल रेट बारीक-बारीक बदलून ते सांभाळत असतं, हाताने काही करावं लागत नाही.

लाईट गेली, लॅपटॉप बंद पडला की हे सगळं पुसलं जातं. म्हणून ओळी शेल स्क्रिप्टमध्ये ठेवायच्याच. पल्सऑडिओमध्ये डिफॉल्ट-डॉट-पीए फाईलमध्ये लिहिल्या तरी चालतंय, पाइपवायर मात्र ती फाईल वाचत नाही, त्यामुळं स्क्रिप्ट हाच दोन्हीकडं चालणारा उपाय. चालू काय आहे ते बघायला पाइपवायरवर डब्ल्यूपी-सीटीएल स्टेटस.

फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्या दुसऱ्या सिस्टिममध्ये वाट वेगळी आहे. तिथं मिक्सिंग कर्नलमध्येच होतंय, जुन्या आवृत्त्यांत सिसकंट्रोल डेव्ह.पीसीएम.०.प्ले.व्हीचॅन्स=४ असं दिलं की पहिल्या कार्डाला वाजवण्यासाठी चार व्हर्च्युअल चॅनेल मिळतात, प्लेच्या जागी रेक लिहिलं की रेकॉर्डिंगसाठी, आणि कायमचं करायचं तर ईटीसीमधल्या सिसकंट्रोल-डॉट-कॉन्फमध्ये. नल सिंकसारखं स्वतःचं डिव्हाईस पाहिजे असेल तर व्हर्च्युअल ओएसएस हा प्रोग्राम आहे, त्याच्या आधी क्यूज हे कर्नलचं मॉड्यूल लोड केलेलं पाहिजे, नाहीतर तो सुरूच होत नाही.