मागे राहिलेल्या बायकांचा कारभार (सोलापूर जिल्हा)

नवरा पुण्या-मुंबईकडे कामाला आणि बायको गावात, अशी घरे सोलापूर जिल्ह्याला जुनीच आहेत. उजनीच्या पाण्यावर ऊस पिकतो त्या पट्ट्यात ती कमी, सांगोला-मंगळवेढ्याच्या जिरायत गावांत जास्त. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ (मजुरांची जोडी) धरला जातो, त्यामुळे तिथे मागे उरतात ती म्हातारी माणसे. बायको मागे राहते ती नवरा भोसरी-चाकणच्या कंपनीत, बांधकामावर किंवा हमालीला गेला की. रान पड टाकायचे नसते, म्हैस विकायची नसते, सासूसासऱ्यांना बघणारे कुणी हवे असते; शिवाय शहरातली खोली आणि पोरांची शाळा एका पगारात बसत नाही.

मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. ट्रॅक्टरवाला भाव नवऱ्याशी फोनवर ठरवतो, पैसे मात्र तिच्याकडे मागतो. वाफसा (पेरणीजोगी ओल) फार दिवस टिकत नाही. ज्या रानात पुरुष उभा नाही त्याचा नंबर मागे सरकतो, ओल उडते आणि उगवण विरळ होते. फेब्रुवारीच्या सुमारास काढणी सावडीने, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबून होते. दोन माणसे देणाऱ्या घराला दोन माणसे परत मिळतात, हिला एकच. चौघी आपल्या रानात हव्या असतील तर हिला आधी चौघींच्या रानात एकेक दिवस राबावे लागते.

सगळ्यात जास्त अडते ते कागदावर. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई हे सगळे खातेदाराच्या नावाने चालते. ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर जातो. तो शिफ्टवर असतो आणि फोन लॉकरमध्ये. सेतू केंद्रात ती दिवसाची मजुरी बुडवून उभी राहते, ओटीपीची मुदत संपते, मागचीचा नंबर लागतो. 2024 मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये तिच्या खात्यात येतात खरे, पण ई-केवायसीला नवऱ्याचाच आधार लागतो. म्हणून नवरा दिवाळीला किंवा सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आला की देवदर्शनाआधी ही कामे उरकावीत: तिच्या आधारला तिचाच नंबर जोडणे, बँकेत जोडखाते काढणे आणि लक्ष्मी मुक्ती योजनेतून सातबाऱ्यावर तिचे नाव लावणे. ही योजना 1992 ची आहे. अर्ज नवऱ्याने स्वतः तलाठ्याकडे करायचा, मग फेरफार होऊन बायको सहहिस्सेदार होते. जमीन अजून सासऱ्याच्या नावावर किंवा भावाभावांत सामाईक असेल तर गाडी इथेच अडते. आधी वाटप किंवा वारसनोंद लागते.

पैसा कुणाच्या खात्यावर येतो, यावर घरातले तिचे वजन ठरते. एकत्र कुटुंबात तो सासऱ्याच्या किंवा दिराच्या खात्यावर पडतो आणि सुनेला गोळ्या-औषधालाही हात पसरावा लागतो. चूल वेगळी असेल तर निर्णय तिचे, पण उसनवारीही तिचीच. पगार लांबला की फायनान्स कंपनीच्या गटकर्जाचा हप्ता चुकतो आणि गटातल्या बाकीच्या बायका दारात येऊन बसतात. कारण एकीचा हप्ता थकला तर सगळ्या गटाचे कर्ज अडते. हा अपमान नवऱ्याच्या वाट्याला येत नाही.

आजाराचेही तसेच. गरोदरपणात बाईची एचआयव्ही तपासणी होते, बाहेरगावी राहणाऱ्या नवऱ्याची होतेच असे नाही. सरकारी रुग्णालयात ती मोफत आणि गोपनीय असते. दोघांनी एकाच सुट्टीत करून घ्यावी.

सोलापूर शहरात चित्र थोडे वेगळे आहे. गिरण्या बंद पडल्या, यंत्रमागाचे काम घटले, विणकर पुरुष भिवंडी-सुरतेला गेले, तरी पूर्व भागातल्या बायकांच्या हातात विडी होती. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणायचा. पान भिजवायचे, साच्याने कापायचे, वळायचे, तोंड मुडपून दोरा बांधायचा, 25-25 चे कट्टे करायचे. मजुरी हजारावर. हजार विड्यांना बहुतेकींचा अख्खा दिवस जातो, शाळेतून आलेली मुलगीही हात लावते. पान वाळके किंवा वळण सैल निघाले तर माल ‘छाट’मध्ये जातो आणि त्याची मजुरी बुडते. तरीही नवऱ्याचे पैसे आले नाहीत तर त्या आठवड्याचा किराणा याच कट्ट्यांवर येतो.